बुरूज बांधण्यापूर्वी बसणे

शास्त्रपाठ : लूक १४:२५–३३, २ शमुवेल २३:१३–१७, मत्तय ४:५–७



शिष्य होण्यास काय किंमत पडते हे लोकसमुदायास समजावून सांगताना आपल्या प्रभूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या एका माणसाचा दाखला दिला. तो मनुष्य शहाणा असेल तर पायाचा पहिला दगड बसविण्यापूर्वी स्वतः खाली बसतो, आपल्या गाठी किती द्रव्य आहे व काम तडीस नेण्यास किती लागेल ह्याचा आकडा मांडतो. तसे त्याने केले नाही, तर पाया तेवढा पडून राहतो, द्रव्य संपते, आणि जाणारे-येणारे त्याची थट्टा करतात. हा दाखला मूळचा शिष्यत्वाविषयी आहे हे आम्ही विसरत नाही. परंतु प्रभू आपले दाखले खऱ्या व्यवहारातून उचलीत असे, आणि त्या व्यवहाराविषयीचे त्याचे मतही ह्या दाखल्यात स्पष्ट दिसते. बुरूज बांधणे वाईट, असे तो म्हणत नाही. बांधण्यापूर्वी बसून हिशेब न करणे हा मूर्खपणा, असे तो म्हणतो. आज आपण त्या बसण्याचाच विचार करू.

हा विचार करण्याचे कारण असे की, आमच्या काळात एक निराळाच विश्वास सर्वत्र पसरला आहे. त्या विश्वासाचे म्हणणे असे आहे की, हिशेबात वेळ दवडण्याचे प्रयोजन काय? आज पाणी, माती किंवा हवा कमी पडली, तर उद्या एखादे नवे यंत्र निघेल व ती तूट भरून काढील. विहीर आटली तर विंधणविहीर घ्यावी. ती आटली तर अधिक खोल घ्यावी. तीही आटली तर दूरच्या धरणातून नळ आणावा. हा विश्वास केवळ शहरातील विद्वानांचा नाही. गावच्या पारावर बसलेला मनुष्यही मान हलवून म्हणतो, ‘काहीतरी निघेलच.’ हे दोन शब्द ऐकण्यास आशेचे वाटतात. ते खरोखर आशेचे आहेत की नाहीत, हे शास्त्राच्या प्रकाशात पारखून पाहिले पाहिजे.

ह्या परीक्षेसाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, कामशेतनजीक, नाणे मावळात वडिवळे हे गाव आहे. इंद्रायणीस मिळणाऱ्या कुंडली नदीवर तेथे मातीचा बांध घातलेला आहे, आणि त्याचे पाणी खालच्या शेतीस व वस्तीस उपयोगी पडते. त्याच नाणे मावळाच्या वरच्या अंगास, सह्याद्रीच्या कड्याजवळ, शिरोत्याचे धरण आहे. ते वडिवळ्याच्या बांधाहून पुष्कळ जुने, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. दोन्ही बांध एकाच मुलखात आहेत, दोहोंवर पाऊसही एकच पडतो, परंतु त्यांच्या पाण्याच्या वाटा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. वडिवळ्याचे पाणी उतार धरून पूर्वेस इंद्रायणीत, तेथून भीमेत व पुढे कृष्णेत जाते. शिरोत्याचे पाणी बोगद्याने वळवणच्या तलावात नेले जाते, तेथून घाटाखाली खोपोलीस सोडले जाते, आणि वीज करून झाल्यावर ते पाताळगंगेच्या वाटेने पश्चिम समुद्राकडे जाते. सृष्टीने ज्या पाण्याचे तोंड पूर्वेकडे केले होते, त्याचे तोंड मनुष्याने पश्चिमेकडे फिरविले.

हे काम लहान नव्हते. जमशेटजी टाटा यांच्या मनात ही कल्पना घोळत होती. ते १९०४ साली वारले. पुढे ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळे येथे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कामाचा पाया घातला गेला, आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. तोवर त्या गिरण्या कोळशावर चालत असत व त्यांच्या धुराड्यांचा धूर शहरावर पसरत असे. पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून खाली पडणाऱ्या पाण्याने तेच काम धुरावाचून होऊ लागले. ज्यांनी हे योजिले व ज्यांनी डोंगरात घाम गाळला, त्या कोणाचाही आम्ही अनादर करीत नाही. ह्यावरून आम्हांस तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, ज्ञान व कौशल्य हे परमेश्वराचे दान आहे. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराची हकीकत आहे. सोने, रुपे, पितळ, पाषाण व लाकूड ह्यांवर काम करण्याचे त्याचे कसब देवाच्या आत्म्यापासून होते, असे तेथे सांगितले आहे. म्हणून यंत्र दिसताच नाक मुरडणे हा भक्तीचा मार्ग नव्हे. मावळातच ह्याचे एक सुंदर उदाहरण आहे. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ ह्या दोन वाणांच्या संकरापासून ‘इंद्रायणी’ हे भात सिद्ध झाले व १९८७ साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले. आंबेमोहरास सुवास होता, परंतु उत्पन्न थोडे. दुसऱ्यास उत्पन्न होते, परंतु सुवास नव्हता. ज्यांनी हे काम केले त्यांनी चिखलात उभे राहून, येथील पाऊस व येथील माती जाणून, वर्षानुवर्षे लोंब्या तपासल्या. आज मावळातील कितीएक घरांची चूल ह्या भातावर चालते. ज्ञानाने भूमीपुढे गुडघे टेकले म्हणजे त्याचे फळ कसे गोड येते, हे ह्यावरून दिसते. एदेन बागेत मनुष्यास ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी व तिची राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ही दोन कामे एकाच वेळी सोपविली गेली. त्यांतील एक घेऊन दुसरे टाकण्याची मोकळीक कोणास दिलेली नाही.

दुसरी गोष्ट ही की, प्रत्येक यंत्र देताना कोठून तरी घेते, आणि हे घेणे बहुधा हिशेबात लिहिले जात नाही. बुरुजाच्या दाखल्यातील मनुष्य स्वतःच्या गाठीचे द्रव्य मोजतो. आमच्या काळातील बुरूज मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या गाठीच्या द्रव्यावर बांधले जातात. मावळाच्या शेजारी मुळशी पेटा आहे. आंबेमोहर तांदळासाठी तो प्रसिद्ध होता. तेथे नीला व मुळा नद्यांच्या संगमाखाली वीजनिर्मितीसाठी धरण घालण्याचे ठरले, तेव्हा सुमारे पन्नास गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळे शेतकरी सत्याग्रहास बसले. पुढे पांडुरंग महादेव बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले, व त्याच लढ्यातून लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले. जमिनीचा मोबदला म्हणून रुपये मोजण्यात आले, परंतु आजोबांनी लावलेल्या आंब्यास, बांधावरच्या शेजारास, आणि पुढच्या पिढीच्या भाकरीस कोणत्या रकान्यात लिहावे, हे त्या हिशेबात कोठेच नव्हते.

ज्या गिरण्यांसाठी सह्याद्रीचे पाणी प्रथम पश्चिमेस वळविले, त्यांचे पुढे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागी उंच इमारती व दुकाने उभी राहिली. पाणी मात्र अद्याप पश्चिमेकडेच वाहते, आणि त्याची वीज दुसऱ्या कामांस लागते. भीमेच्या काठी सोलापूरकडचा शेतकरी उन्हाळ्यात आभाळाकडे पाहत असतो. आम्ही हे कोणास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. एकदा केलेली गोष्ट तिचे मूळ कारण नाहीसे झाल्यावरही कशी चालूच राहते, एवढेच दाखवावयाचे आहे. म्हणूनच हिशेब आरंभी मांडावयाचा असतो. नदी वळविणे एका पिढीच्या हाती असते. ती पुन्हा पूर्वीच्या वाटेस लावणे पुढच्या दहा पिढ्यांच्या हाती असेलच असे नाही.

ह्या ठिकाणी दावीद राजाची एक गोष्ट आठवते. पलिष्ट्यांचे ठाणे बेथलेहेमात असता दाविदास तहान लागली, आणि वेशीजवळच्या विहिरीचे पाणी मिळते तर बरे, असे तो सहज बोलून गेला. त्याचे तीन वीर शत्रूच्या फळीतून घुसले व जीव धोक्यात घालून ते पाणी घेऊन आले. दाविदाने ते प्याले नाही. माणसांच्या जिवाच्या मोलाने आलेले पाणी म्हणजे त्यांचे रक्तच, असे मानून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. तहान खरी होती, पाणी गोड होते, आणणारे स्वखुशीने गेले होते; तरी राजाने त्या पाण्याची किंमत विचारली.

मावळातील लोकांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर, पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवड शहरास नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी जमले होते. तेथे गोळीबार झाला व तिघे मावळकर मृत्यू पावले. त्यांत एक स्त्री होती. त्यानंतर ते काम अनेक वर्षे थांबून राहिले. शहरातील तहान खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. कारखान्यात राबणारा मजूर आणि चाळीत हंडा घेऊन उभी राहणारी त्याची बायको हेही आमचेच शेजारी आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येक खेड्यांतूनच तेथे गेले आहेत. परंतु नळ उघडणारा प्रत्येक मनुष्य दाविदासारखा एक क्षण थांबला आणि हे पाणी कोणाच्या शेतातून, कोणाच्या जिवावरून आले असे त्याने विचारले, तर शहरात पाणी वाया जाणे निम्मे तरी थांबेल, असे आम्हांस वाटते.

तिसरी गोष्ट ही की, कोणतेही यंत्र सृष्टीस घातलेली मर्यादा पुसून टाकीत नाही. ते ती मर्यादा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकविते. पूर्वी शेतकरी मोटेने पाणी काढीत असे. बैल थकले की मोट थांबे, आणि बैल विसावले की विहिरीचे झरेही भरून येत. विजेचा पंप आला आणि बैलांची दमछाक वाचली. ही दया आहे, तिचे आम्ही उपकार मानतो. परंतु पंपास थकवा नसल्यामुळे विहिरीसही विसावा राहिला नाही. पाणी सोपे झाले म्हणून अधिक पाण्याचे पीक आले, आणि मर्यादा बैलाच्या खांद्यावरून उतरून जमिनीच्या पोटात, जेथे ती डोळ्यांस दिसत नाही, तेथे जाऊन बसली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयी हेच दाखविले होते. थोड्या कोळशात अधिक काम करणारी एंजिने निघाली तेव्हा कोळसा शिल्लक राहील असे लोकांस वाटले. झाले उलटच, कारण काम स्वस्त झाल्याने एंजिने वाढली व एकंदर कोळसा पूर्वीपेक्षा अधिक जळू लागला. बोरघाटातही तसेच घडले आहे. १८६३ साली तेथून आगगाडी निघाली, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि २०१९ साली खोपोली व कुसगाव यांच्यामधील बोगद्यांच्या नव्या रस्त्याचे काम सुरू झाले. दर वेळी वाट सुकर झाली, आणि दर वेळी त्या वाटेने जाणारे वाढले. नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायात ‘पुरे’ हा शब्द कधीच न उच्चारणाऱ्या चार गोष्टी मोजल्या आहेत. आमच्या काळात त्यांत पाचवी घालावी लागेल.

आता पुन्हा शिरोत्याकडे वळू. ८ ऑगस्ट २०२३ रोजी टाटा पॉवर कंपनी व महाराष्ट्र सरकार यांच्यात एक करार झाला. त्याप्रमाणे शिरोता येथे १,८०० मेगावॉटचा व भिवपुरी येथे १,००० मेगावॉटचा असे पाणी साठवून वीज देणारे दोन प्रकल्प योजिले गेले. त्यांची रीत सांगण्यास सोपी आहे. दुपारी सूर्याची वीज गरजेपेक्षा अधिक असते, तेव्हा तिच्या बळाने खालच्या तलावातील पाणी वरच्या तलावात चढवावयाचे. रात्री वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची. ह्याची गरज का भासली तेही समजून घेतले पाहिजे. कोळसा व तेल ह्यांच्या धुराने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वाढला आहे. कारखान्यांच्या युगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे २८० भाग होता. आता ४२० भागांहून अधिक झाला आहे, आणि त्यामुळे पृथ्वी तापत आहे. अवेळी पाऊस व लांबलेला उन्हाळा शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. तेव्हा कोळसा सोडून सूर्याकडे वळणे हे योग्यच आहे, आणि त्यासाठी अशी साठवण लागणार हेही खरे आहे.

परंतु येथेही बसून आकडा मांडावा लागतो. पाणी वर चढविण्यास शंभर भाग वीज घातली, तर ते उतरताना सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी भाग परत मिळते. उरलेली वाटेतच खर्च होते. म्हणजे ही योजना वीज निर्माण करीत नाही. ती सांभाळून ठेवते, आणि सांभाळण्याची मजुरी घेते. परमेश्वराच्या सृष्टीत फुकट असे काही मिळत नाही, हा धडा ह्या यंत्रांतूनही शिकता येतो. शिवाय नव्या योजनेस डोंगराचा, रानाचा व पाण्याचा काही भाग द्यावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी धुरावर उपाय म्हणून ज्या खोऱ्याने आपले पाणी दिले, त्याच खोऱ्याकडे धुरावरच उपाय म्हणून आज पुन्हा मागणी आली आहे. मागणी रास्त असेलही. तथापि जी वीज ह्या रीतीने साठेल ती रुग्णालयाच्या दिव्यास लागणार, की रात्रभर झगमगणाऱ्या जाहिरातींस लागणार, हे विचारण्याचा अधिकार देणाऱ्या खोऱ्यास आहे.

हिशेब न मांडता घाई केल्याने काय होते, हे पुणे जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. आंबी नदीवरील पानशेतच्या धरणाचे काम पुरे झाले नव्हते, तरी १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, खाली खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि पुणे शहरात मुठेच्या काठची वस्ती वाहून गेली. दाखल्यातील बुरूज अपुरा राहिला तेव्हा लोक हसले. अपुरा बांध पाण्याने भरला तेव्हा हसण्यास कोणी उरले नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. कोणी म्हणेल, ‘ज्यांच्या घरी दिवा नुकताच आला, ज्यांच्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा अद्याप उतरला नाही, त्यांस मर्यादेचा उपदेश करणे हा अन्याय नव्हे काय?’ होय, तो अन्यायच होईल. डोंगरातील वाडीवर नळ व दिवा पोहोचणे हे थांबविण्याचे नसून घाईने करण्याचे काम आहे. ‘पुरे’ हा शब्द ज्याच्या घरी पुष्कळ आहे त्याने प्रथम उच्चारावयाचा असतो. अरण्यात मान्ना पडत असे तेव्हा ज्याने फार गोळा केला त्यास अधिक उरला नाही व ज्याने थोडा गोळा केला त्यास कमी पडला नाही. परंतु ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवला त्यांच्या मान्न्यास किडे पडले. ह्या गोष्टीत गरिबाच्या पोटास मर्यादा घातलेली नाही. साठेबाजाच्या कोठारास घातली आहे. ज्या शिरोत्याच्या पाण्याने महानगर उजळले, त्या शिरोत्याच्या आसपासच्या वाड्यांत अंधार असू नये, ही मागणी लोभाची नव्हे, न्यायाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक भक्तिभावाचा दिसतो. कोणी म्हणेल, ‘परमेश्वर समर्थ आहे, तो आपल्या लेकरांस उपाशी मरू देणार नाही, मग ही चिंता अविश्वासाची नव्हे काय?’ ह्याचे उत्तर प्रभूने स्वतः मंदिराच्या शिखरावर दिले आहे. सैतानाने त्यास तेथे नेऊन सुचविले की, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वचन शास्त्रातलेच होते, तरी प्रभूने उडी टाकली नाही. अशी उडी म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय, असे त्याने उत्तर दिले. ‘काहीतरी निघेलच’ असे म्हणून जो झरे बुजवितो, डोंगर उघडा करतो, नदीत मैला सोडतो, तो शिखरावरून उडी टाकतो, आणि झेलण्यासाठी देवदूताऐवजी यंत्राची वाट पाहतो. इंद्रायणीच्या पाण्यावर आळंदीस वारंवार पांढरा फेस तरंगताना दिसतो, तो ह्या उडीचेच फळ आहे. नदी शुद्ध करण्याची यंत्रे जगात नाहीत असे नाही. ती असूनही फेस आहे, ह्याचे कारण यंत्रात नसून मनुष्याच्या अंतःकरणात आहे. खरी आशा मनुष्यास जागे ठेवते व हातास काम लावते. जो भरवसा मनुष्यास झोपवितो, त्यास आशा म्हणू नये.

तर मग आपण काय करावे? धरणे बांधणे वा पाडणे हे वाचकांपैकी फारच थोड्यांच्या हाती आहे. परंतु बसून हिशेब मांडणे सर्वांच्या हाती आहे. गावात कोणतेही नवे काम आले, मग ते विंधणविहिरीचे असो, रस्त्याचे असो, की जमीन विकत मागणाऱ्या बंगलेवाल्याचे असो, तेव्हा ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारावे : ह्यासाठी कोण देणार? ह्यातून कोण घेणार? आणि ज्याची भरपाई रुपयांत होत नाही, त्याचे काय? माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली सह्याद्रीविषयी अहवाल दिला, त्यातही स्थानिक लोकांस व ग्रामसभेस विचारल्यावाचून डोंगराचा निर्णय करू नये, असा आग्रह होता. तो अहवाल पुष्कळांस कडू लागला. पुढे ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अशा घटनेस एकच कारण नसते. तथापि उतार कापताना, झाडी तोडताना, सपाटीसाठी यंत्र लावताना डोंगरासही काही सोसण्याची हद्द असते, हे त्या दिवसानंतर पुणे जिल्ह्यात कोणी विसरू नये.

जमीन विकण्याविषयी एक शब्द अधिक. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातील आजार ह्यांसाठी मनुष्यास जमीन विकावी लागते, आणि अशा माणसास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु लेवीयाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणे भूमी परमेश्वराची आहे व आपण तिच्यावर पाहुणे आहोत. तिला सातव्या वर्षी विसावा देण्याची आज्ञा त्याच अध्यायात आहे. पाहुण्याने जेवावे, तृप्त व्हावे, आणि निघताना घर मागाहून येणाऱ्या पाहुण्याच्या उपयोगाचे ठेवावे. झऱ्याभोवतीची झाडी न तोडणे, बांध बंदिस्ती नीट राखणे, गरज नसता पंप न चालविणे, ही कामे लहान दिसतात. परंतु थोडक्यात विश्वासू असणाऱ्यासच प्रभू पुष्कळांवर नेमतो. मंडळ्यांनीही आपल्या आवारातील पाण्याचा व विजेचा हिशेब वर्षातून एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. जो हिशेब मोठ्याने वाचला जातो, तो सुधारतो.

वडिवळ्याच्या बांधावरून पाणी पूर्वेस जाते आणि शिरोत्याचे पश्चिमेस. दोन्ही पाणी एकाच पावसाचे आहे, आणि तो पाऊस कोणत्याही यंत्राने पाडलेला नाही. तो नीतिमान व अनीतिमान ह्या दोघांवर पडतो; आपण मात्र तो कोणास किती मिळावा ह्याचे कारभारी नेमले गेलो आहो. कारभाऱ्यास धन्याने एक दिवस हिशेब विचारावयाचाच आहे. तो दिवस येण्यापूर्वी आपण आपण होऊन खाली बसावे, आणि आकडा खरा मांडावा.

प्रार्थना : हे परमेश्वरा, तू आम्हांस बुद्धी दिलीस, तीबरोबर नम्रताही दे. जे पाणी आम्ही पितो त्याचे मोल आम्हांस कळू दे. ज्यांचे शेत व घर आमच्या सोयीखाली बुडाले, त्यांस आम्ही विसरू नये असे कर. जे अजून जन्मले नाहीत, त्यांच्या वाट्याचे आम्ही खाऊ नये म्हणून आमच्या हातास आवर घाल, आणि ‘पुरे’ असे म्हणण्याचे सामर्थ्य आम्हांस दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.